परचुरे मॅडम आणि मागच्या गाडीचा ब्रेक

परचुरे मॅडमना कोणी ‘जरा ॲडजस्ट करून घ्या’ म्हटलं की त्या चष्मा काढून टेबलावर ठेवायच्या आणि समोरच्याकडे शांतपणे बघत बसायच्या. चष्म्याशिवाय त्यांना समोरचा माणूस धड दिसतसुद्धा नसे. पण समोरच्याला ते कुठं माहीत असणार? तो गडबडायचा, दोन वाक्यं उगाच जास्त बोलायचा आणि बहुतेक वेळा कबूल व्हायचा.

मी भोंगवलीची. भोरच्या बाजारपेठेत त्यांचा दातांचा दवाखाना होता. मी तिथं तीन महिन्यांसाठी म्हणून कामाला लागले आणि अठरा वर्षं राहिले. पहिल्या दिवशी त्यांनी मला दोनच गोष्टी सांगितल्या. पेशंटची चप्पल दारात वेडीवाकडी पडली असेल तर सरळ करून ठेव, दुखऱ्या माणसाला वाकायला लावू नये. आणि ‘दुखणार नाही’ असं कुणालाही सांगू नकोस.

त्या स्वतः सांगायच्या, “दुखेल. मी दहा मोजेपर्यंत. मग थांबेल.” आणि खरंच मोठ्यानं मोजायच्या. सातावर दुखायचं थांबलं तरी दहा पूर्ण केल्याशिवाय हात बाजूला घेत नसत. मोठमोठे मिशीवाले गडी त्यांच्या आकड्यांकडे कान लावून, खुर्चीचे हात घट्ट धरून बसलेले मी पाहिलेत.

काम करताना त्या अनवाणी असत. दात कोरायच्या मशीनचं पेडल पायाखाली असतं. पाय जेवढा दाबावा तेवढी फिरकी जोरात फिरते. “चप्पल मध्ये आली की पायाला कळत नाही,” त्या म्हणायच्या. जीपही तशाच चालवायच्या. चपला काढून सीटखाली सारायच्या, पदर कमरेला खोचायचा आणि मगच किल्ली फिरवायची. नवरा लवकर गेलेला, मुलगा परदेशात. त्यामुळे अनवाणी गाडी चालवू नको म्हणणारं घरात कोणी नव्हतं, आणि बाहेरच्या कोणाची तशी टाप नव्हती.

ट्रेलरचं वेड त्यांच्या डोक्यात आलं ते वेल्ह्याकडच्या पेशंटमुळे. डोंगरातली माणसं आमच्याकडे यायची ती गाल टम्म सुजल्यावर. एक दिवस मोडून यायचं, तर एकदाच काय तो दात काढून मोकळं व्हायचं, असा त्यांचा हिशेब. मॅडम दात काढायच्या आणि ट्रेमध्ये टाकताना दर वेळी स्वतःशीच पुटपुटायच्या, “हा वाचला असता.” वर्षानुवर्षं हे ऐकून मलाही कंटाळा आला होता. त्यांना तर आलाच असणार. साठी ओलांडल्यावर एक दिवस त्यांनी जाहीर केलं की पेशंट इथं वेळेवर येत नाहीत तर दवाखाना तिकडं जाईल. पुण्यात एका कारखान्यात बारा फुटी ट्रेलर बांधून घेतला. आत खुर्ची, कॉम्प्रेसर, बॅटऱ्या, पाण्याची टाकी. जीपच्या मागं जोडायचा आणि आठवड्यातले तीन दिवस वेल्ह्याच्या वाड्यांना जायचं. लोक त्याला ‘मागची गाडी’ म्हणायला लागले.

तिसऱ्या फेरीला आम्ही केळदच्या अलीकडच्या एका वाडीवर गेलो होतो. तिथं सोनाली नावाची नववीतली मुलगी आली. पुढचा दात आतून किडलेला. बोलताना ओठ ओढून घ्यायची, हसताना तोंडावर हात. बरोबर तिची आजी होती.

“काडून टाका बाई,” आजी म्हणाली. “येक दात गेला म्हून काय व्हतंय? ठणका तरी जाईल.”

“हा दात मी काढणार नाही,” मॅडम म्हणाल्या. “आज साफ करून औषध भरते. पंधरा दिवसांनी येऊन पक्का करते. तोवर हिला कुणाकडे नेऊन काढू नका. शब्द द्या मला.”

आजीनं शब्द दिला. पण तिचा चेहरा सांगत होता की ठणका लागला तर तो शब्द काही टिकायचा नाही.

त्याच दिवशी परत येताना घाटात ते झालं. उतार सुरू झाला आणि मला वाटलं, मागून कुणीतरी धक्का देतंय. मॅडमनी गियर खाली घेतला. जीप गुरगुरली, पण वेग कमी होईना. त्यांचा पाय ब्रेकवर होता आणि मला दिसत होतं की दर वळणाला तो आधीपेक्षा खोल जातोय. जळका वास आला. मी देवाचं नाव घ्यायला लागले होते. एका वळणाच्या अलीकडे डोंगराच्या बाजूला गटाराची कड होती, तिथं मॅडमनी जीपचं चाक घातलं आणि गाडी थांबवली.

“दगड लाव,” एवढंच म्हणाल्या.

मी धावत जाऊन चाकांना दगड लावले. तासभर आम्ही तिथंच बसलो. चाकं हात लावता येणार नाहीत इतकी तापलेली. मॅडमनी डब्यातली पोळी खाल्ली, पाणी प्यायल्या, मग म्हणाल्या, “सुरेखा, इतका वेळ मी गाडी चालवत नव्हते. मागचा डबा आपल्याला चालवत होता.”

पहिल्या गियरमध्ये रांगत खाली आलो आणि तशाच थेट कापूरहोळला, बबन मिस्त्रींच्या गॅरेजात. बबन मिस्त्रींनी ट्रेलरखाली डोकं घातलं, बाहेर काढलं.

“मॅडम, ह्या डब्याला सोताचा ब्रेकच न्हाई. पान्याची टाकी भरली की वजन बगा किती व्हतंय. जीप येकटी कुणाकुणाला आवरंल?”

कारखानेवाला म्हणाला होता की जीपचा ब्रेक पुरेसा आहे. मॅडमनी त्याला फोन लावला. तो पलीकडून बराच वेळ काहीतरी समजावत होता. मॅडमनी चष्मा काढून हातात घेतला, पण फोनवर त्याचा काही उपयोग नव्हता. “ठीक आहे,” म्हणून त्यांनी फोन ठेवला आणि मला सांगितलं, “डब्याला त्याचा ब्रेक लागेपर्यंत ही गाडी घाट चढणार नाही.”

चौथ्या दिवशी आम्ही पुण्यात एका दुकानात होतो. बबन मिस्त्रींनीच पत्ता शोधून दिला होता. ट्रेलरच्या चाकांत विजेवर चालणारे ब्रेक बसवता येतात, पण ते किती आणि कधी लावायचे हे ठरवणारं एक यंत्र जीपमध्ये, ड्रायव्हरच्या गुडघ्याजवळ बसवावं लागतं. त्याला ब्रेक कंट्रोलर म्हणतात. दुकानदारानं काउंटरवर एक खोका ठेवला.

“हे घेऊन जा मॅडम. सोपं आहे. तुम्ही ब्रेक दाबला की मागचा ब्रेक आपोआप लागतो.”

“मी हळूच दाबला तर?”

“लागतो की.”

“किती?”

“जेवढा सेट केलाय तेवढा. दोन-तीन सेकंदांत वाढत वाढत जातो.”

“आणि जोरात दाबला तर?”

“तेवढाच.”

मॅडमनी खोका त्याच्याकडे सरकवला. “म्हणजे समोर कुत्रं आलं काय आणि माणूस आलं काय, याला सारखंच. माझा पाय काय म्हणतोय ते हा ऐकतच नाही. चाळीस वर्षं मी लोकांच्या तोंडात मशीन चालवते आहे. पेडलनं पायाचं ऐकलं नाही तर काय होतं ते मला विचारा. दुसरं दाखवा.”

दुसऱ्या यंत्रात लंबक होता. गाडी जेवढी झपकन मंदावेल तेवढा लंबक पुढं झुकतो आणि तेवढा मागचा ब्रेक लागतो. मला ते पटलं. दुकानदारालाही वाटलं, सुटलो. मॅडम माहितीपत्रक घेऊन खुर्चीत बसल्या आणि पहिल्या पानापासून वाचायला लागल्या. दुकानात गिऱ्हाइकं आली, गेली. चहा आला, तो निवला. त्या निवलेलाच पीत असत. मग मान वर करून त्यांनी विचारलं, “आमच्या रस्त्याला खड्डे आहेत. ब्रेकवर पाय ठेवून मी खड्ड्यातून गेले तर लंबक हेलकावेल. मग मागचा ब्रेक मध्येच आवळेल, मध्येच सुटेल?”

दुकानदार प्रामाणिकपणे म्हणाला, “थोडे झटके बसतील मॅडम. जरा ॲडजस्ट करावं लागेल.”

चष्मा टेबलावर आला.

तिसऱ्या प्रकारात लंबक नव्हता. गाडी किती मंदावते आहे ते आतल्या सेन्सरला कळायचं. वजनाप्रमाणे जोर कमी-जास्त करायला एक चकती होती, आणि पुढचा ब्रेक न लावता फक्त मागच्याच गाडीचा ब्रेक लावायला एक छोटी दांडी. पण ते यंत्र दुकानात नव्हतं. बाहेरून मागवायला तीन आठवडे लागणार होते.

दुकानदार म्हणाला, “तोवर पहिलं लावून घ्या. तुमचं काम तरी अडणार नाही.”

मला सोनालीचा दात आठवला. पंधरा दिवसांतले चार संपले होते. मी म्हटलं, “मॅडम, त्या पोरीचं काय?”

“त्या पोरीच्याच वाडीला जायचा घाट आहे तो,” त्या म्हणाल्या. “तिसरं मागवा.”

मग पुढचे तीन आठवडे काय झालं ते मी कधी विसरणार नाही. दर शनिवारी मॅडम एका कापडी पिशवीत हत्यारं, औषधं आणि कापूस भरायच्या. कापूरहोळवरून नसरापूरपर्यंत एक एसटी, तिथून विंझरमार्गे वेल्ह्याला दुसरी आणि पुढं वडापची, वाटेत माणसं भरत जाणारी जीप. वाडीच्या शाळेच्या बाकावर सोनालीला झोपवायच्या. मी मोबाईलचा उजेड धरायची. जुनं औषध काढून नवं भरायच्या. एका दाताच्या औषधासाठी अख्खा दिवस.

दुसऱ्या शनिवारी आजी शाळेच्या दारातच उभी होती. “पोरगी दोन दिस जेवली न्हाई. म्या उद्या तिला नसरापूरला न्हेऊन दात काडनार व्हते.”

“मी आले ना?”

“आज आलासा. फुडच्या बारीला न्हाई आलात मंग?”

मॅडम पायरीवर बसल्या. घामानं डबडबलेल्या होत्या. पिशवी मांडीवर घेऊन त्या म्हणाल्या, “मावशी, गाडी आहे, पण तिला ब्रेक नाही. ब्रेक आला की गाडी आणते. नाही आला तर अशीच चालत येईन. पण येईन.”

आजीनं आत जाऊन पाण्याचा तांब्या आणला. मॅडम पाणी पीत होत्या तोवर तिनं सोनालीला हाक मारून बाकावर झोपायला सांगितलं.

यंत्र आलं. बबन मिस्त्रींनी दोन दिवस खपून चाकांतले ब्रेक, वायरी, सगळं बसवलं. शेवटी एक बारीक तार उरली. ट्रेलर चुकून जीपपासून सुटला तर ती तार ओढली जाते आणि ट्रेलर स्वतःच्या बॅटरीवर स्वतःचा ब्रेक लावतो.

“हे कशापायी?” मिस्त्री म्हणाले. “साकळी हाय की लावलेली.”

“साखळी तुटली तर?”

“लई लांबचा इचार करता तुमी.”

“डबा सुटला तर मी वरच राहीन, बबनराव. खाली शाळेतून घरी निघालेली पोरं असतील.”

मिस्त्रींनी तार जोडली. नुसती जोडली नाही, तीन वेळा ओढून पाहिली.

चकती किती आकड्यावर ठेवायची हे ठरवायला आम्ही ट्रेलर आमच्या भोंगवलीच्या माळावर नेला. मिस्त्रींचं म्हणणं, फुल ठेवा, विषय संपला. मॅडमचं म्हणणं, फुल ठेवला तर चाकं जाम होतील आणि डबा घसरत जाईल. चाक जाम व्हायच्या किंचित अलीकडे थांबायचं. त्या सावकाश जीप चालवायच्या आणि फक्त मागच्या ब्रेकची दांडी दाबायच्या. मी ट्रेलरच्या बाजूनं पळत, मातीवर चाक घासल्याची रेघ उमटते का ते बघायची. रेघ उमटली की ओरडायचं, ‘उमटली.’ चकती थोडी कमी, पुन्हा सुरुवात. टाकी भरून वेगळं, रिकामी करून वेगळं. गावातली माणसं बांधावर बसून बघत होती. माझ्या चुलत सासऱ्यांनी मला विचारलं, “तुजी डाक्टरीण दातांची का टायरांची?” मी तशीच पुन्हा ट्रेलरमागं पळाले. संध्याकाळी मॅडमनी दोन आकडे चिकटपट्टीवर लिहून यंत्राखाली लावले: ‘टाकी भरलेली’ आणि ‘टाकी रिकामी’.

त्या आठवड्यात आम्ही केळदचा घाट चढलो. सोनालीचा दात पक्का झाला. मॅडमनी तिला आरसा दिला, तर तिनं तो बाजूला ठेवून आजीचा मोबाईल मागितला आणि स्वतःचे पाच-सहा फोटो काढले, तोंडावर हात न ठेवता. आजी म्हणाली, “आता मिरचीचा खर्डा खाल्ला तर चालंल का?” मॅडम म्हणाल्या, “उद्यापासून.”

उतरताना त्याच वळणाशी एसटी आडवी उभी होती, टायर बदलत. मॅडमचा पाय ब्रेकवर गेला. मागून धक्का आला नाही. दोन्ही गाड्या एकदम थांबल्या, जणू एकच गाडी असावी. टायर बदलून होईपर्यंत मॅडमनी डोळे मिटून घेतले.

एक प्रसंग मात्र सांगायला हवा, कारण त्यात चूक माझी होती. एका सकाळी निघायची घाई होती म्हणून पाण्याचे जादा कॅन मी ट्रेलरच्या अगदी मागच्या टोकाला ठेवले. हायवेवर एक कंटेनर आमच्या बाजूनं जोरात पुढं गेला आणि मागची गाडी शेपटीसारखी हलायला लागली. डावीकडे, उजवीकडे, दर वेळी जास्त. जीपही ओढली जाऊ लागली. मी म्हटलं, “ब्रेक दाबा मॅडम, ब्रेक.”

त्यांनी दाबला नाही. ॲक्सिलरेटरवरचा पाय फक्त सैल सोडला, स्टिअरिंग सरळ धरलं आणि डाव्या हाताच्या बोटानं ती छोटी दांडी हळूहळू दाबत नेली. नुसती मागची गाडी अडली, ताणली गेली आणि आमच्या मागं सरळ झाली. सगळं मिळून दहा सेकंदांचं काम. कापूरहोळच्या ढाब्यापाशी गाडी कडेला घेऊन त्या खाली उतरल्या, ट्रेलरचं मागचं दार उघडलं आणि कॅन पाहिले.

“जड सामान मागच्या टोकाला ठेवायचं नसतं, हे मी तुला सांगितलं होतं का?”

“न्हाई,” मी म्हटलं. घाबरले की माझ्या तोंडी गावची भाषा येते.

“मग चूक माझी.” त्यांनी पदर खोचला आणि कॅन पुढं आणायला लागल्या. मी रडत होते. त्या म्हणाल्या, “रड, पण दुसरं टोक धर. जड आहे.”

पुढं चार वर्षं आम्ही फिरलो. मग एका दुपारी विंझरला, इंजेक्शन देताना त्यांचा हात थरथरला. अगदी थोडा. पेशंटला कळलंही नाही. मॅडमनी सुई मागं घेतली, ट्रेमध्ये ठेवली आणि पेशंटला म्हणाल्या, “आज मी हे करणार नाही. भोरला या, तिथं दुसऱ्या डॉक्टरांकडून करून घेऊ. जाण्यायेण्याचं मी बघते.” त्यानंतर त्यांनी कुणाच्याही तोंडात हत्यार घातलं नाही. तपासण्या केल्या, आजाराचं नाव कळलं, ते बरं होणारं नव्हतं. मला त्यांनी हे सगळं टाकी धुता धुता सांगितलं.

महिन्याभरात त्यांनी एक तरुण डॉक्टर शोधून काढली, प्राची नावाची. आणि मला म्हणाल्या, “गाडी तू चालवायची.”

मी एक्केचाळीस वर्षांची. सायकलच्या पुढं काही चालवलेलं नाही. मी म्हटलं, “मला न्हाई जमायचं.” त्यांनी चष्मा काढला. काढताना तो हातात थरथरला, टेबलावर ठेवायला दोनदा प्रयत्न करावा लागला. मी म्हटलं, “शिकते.”

सहा महिने शिकवलं. आधी नुसती जीप, मग रिकामा ट्रेलर, मग भरलेला. रिव्हर्स घेताना डबा उलट्या दिशेला जातो, त्यानं मला खूप रडवलं. पहिल्यांदा घाट उतरले तेव्हा त्या शेजारी बसल्या होत्या, हात मांडीखाली दाबून, म्हणजे थरथर मला दिसू नये. खाली सपाटीला आल्यावर मी विचारलं, कसं झालं? तर म्हणाल्या, “तिसऱ्या वळणाला उशिरा दाबलास.” मग थोड्या वेळानं, “बाकी ठीक.” अठरा वर्षांत माझं झालेलं कौतुक ते एवढंच.

शेवटी मी त्यांना पाहिलं ते वेल्ह्याला, शिबिरात. पेशंटची नावं लिहून घेत होते. मान वर केली तर रांगेत मॅडम. काठी टेकून, दोन बायकांच्या मध्ये उभ्या. एसटीनं आल्या होत्या.

“मॅडम, तुम्ही?”

“दाढ दुखते आहे. नाव लिही.”

“आत चला की.”

“माझ्यापुढं सात जण आहेत.”

सातही जण म्हणाले, तुम्ही व्हा पुढं. त्या हलल्या नाहीत. आठवा नंबर आला तेव्हा त्यांना मी पायरी चढवली. खुर्चीत त्या किती लहान दिसत होत्या. दाढ वाचण्यासारखी नव्हती, काढावी लागणार होती, आणि हे मॅडमना कसं सांगावं ते प्राचीला कळेना.

“काढ,” मॅडमच म्हणाल्या. “मी आरशात पाहिली आहे. ही नाही वाचायची.”

दाढ निघाली. मी त्यांच्या गालात कापूस ठेवला. आम्हाला पुढच्या वाडीवर जायचं होतं आणि त्यांना भोरला परत. मी त्यांना वेल्ह्याच्या स्टँडवर एसटीत बसवलं, काठी सीटच्या बाजूला लावली. कापसामुळे त्यांना बोलता येत नव्हतं. मी खिडकीखाली उभी राहिले. जायची वेळ झाली होती, पण माझा पाय निघेना. त्यांनी खिडकीतून कापरा हात बाहेर काढला आणि आमच्या गाडीकडे दाखवला. तिथं माणसं खोळंबली होती. मी निघाले नाही तसा पुन्हा दाखवला, या वेळी जरा रागानं.

मी गेले. चपला सीटखाली सारल्या, गाडी सुरू केली. मागच्या आरशात एसटी अजून उभीच होती, आणि खिडकीत मॅडम गालाला हात लावून बसल्या होत्या, दुखऱ्या पेशंटसारख्या.